हृदयाची सूज आणि घरातली दुखण्याची गोळी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)

शेतावर असाल तर सावलीला बसा, घरी असाल तर गॅस जरा बारीक करा. आज आम्ही बोलणार आहोत एका अशा गोष्टीबद्दल, जी सातारा-सांगलीच्या जवळजवळ प्रत्येक घरात फडताळात, पर्समध्ये नाहीतर देवाच्या खालच्या कप्प्यात सापडते. ती म्हणजे दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट.

तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून विरळणी केली, की खांदे भरून येतात. हळद काढायच्या दिवसांत कंबर धरते. उसाची भांगलण, कांद्याची काढणी, माणदेशात लांबून पाणी आणणं, यातलं काही ना काही प्रत्येकीच्या वाट्याला आहे. संध्याकाळी एक गोळी घेतली की रात्री झोप लागते. ही गोळी वाईट आहे, असं आम्ही म्हणणार नाही. योग्य वेळी, योग्य मात्रेत ती उपयोगीच आहे. पण एक दुखणं असं आहे, जिथे ती आपल्या मनाने घेणं धोक्याचं ठरू शकतं. ते म्हणजे तापानंतर हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात.

आधी कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन, निमेसुलाइड, पाळीच्या दुखण्यावर घेतात ती मेफेनॅमिक ॲसिड, आणि मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन. ब्रुफेन, व्होवेरान, मेफ्टाल ही यांतली आपल्या ओळखीची नावं. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन आहे, सोबत पॅरासिटामॉल आहे. या सगळ्या गोळ्या दुखणं कमी करतात आणि सूजही उतरवतात. नुसती पॅरासिटामॉल मात्र या गटातली नाही. ती ताप आणि दुखणं कमी करते, सूज फारशी उतरवत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता हृदयाकडे येऊ. हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायूंचा पंप. त्याच्या बाहेरून एक पातळ पिशवी असते, आवरण म्हणा. सूज स्नायूला येऊ शकते, आवरणाला येऊ शकते, किंवा दोन्हींना एकदम येऊ शकते. बहुतेक वेळा याचं मूळ एखाद्या विषाणूत असतं. साध्या सर्दी-तापाचे काही विषाणू, फ्लू, कोरोना, डेंगी, चिकुनगुन्या यांतला कोणताही ताप क्वचित हृदयापर्यंत पोचतो. घटसर्पात आणि पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही हे होऊ शकतं. ताप आलेल्या शंभरातल्या शंभर जणांना हे होत नाही, फार थोड्यांना होतं. पण ज्यांना होतं, त्यांत धडधाकट तरुण पोरं-पोरी पुष्कळ असतात.

ओळखायचं कसं? ताप येऊन गेला, आठवडा-दोन आठवडे झाले. माणूस बरा व्हायला हवा होता, पण झाला नाही. छातीत दुखतं किंवा जड वाटतं. जिना चढताना, कळशी उचलताना दम लागतो. आडवं झालं की धाप लागते, उशी उंच घ्यावी लागते. छातीत धडधडतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो. पायांवर सूज येते. चक्कर येते, कधी माणूस एकदम कोसळतो. लहान मूल असेल तर ते दूध पीत नाही, भराभर श्वास घेतं, घामेजून निपचित पडतं. काही वेळा पोट दुखतं आणि उलट्या होतात, म्हणून घरच्यांना वाटतं की पोटाचंच काहीतरी आहे.

इथे एक साधा विचार कुणाच्याही मनात येईल. हृदयाला सूज आहे ना, आणि ही गोळी सूज उतरवते ना, मग तीच घेऊ की! गुडघ्याला लागते तशी इथेही लागू पडेल. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण गुडघा आणि हृदय यांत फरक आहे. गुडघा दोन दिवस विश्रांती घेऊ शकतो, हृदयाला एक मिनिटाचीही सुटी नसते.

या गोळ्या काम कशा करतात, ते इंग्लंडमधल्या जॉन व्हेन या शास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवून दिलं. त्यासाठी पुढे १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे दुखतं, सूज येते, ताप चढतो. ही गोळी त्यांचं तयार होणं रोखते, म्हणून आराम पडतो. पण ही द्रव्यं फक्त दुखवण्याचं काम करत नाहीत. पोटाच्या अस्तराचं ती रक्षण करतात, म्हणून उपाशीपोटी गोळी घेतली की जळजळ होते. आणि हृदय अशक्त झालेलं असताना मूत्रपिंडांना रक्त नीट मिळत राहावं, म्हणूनही तीच धडपडत असतात.

आता हृदयाच्या स्नायूला सूज आहे, पंप कमी जोराने चालतोय, आणि वरून ही गोळी गेली. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी होतो. मीठ आणि पाणी शरीरातच साठतं, पाय सुजतात, फुप्फुसात पाणी भरू लागतं. आधीच दमलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं. रोगी रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट विषाणूची. सूज म्हणजे नुसतं संकट नव्हे, सुरुवातीला ती शरीराची लढाईही असते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाले. कॉक्सॅकी नावाच्या विषाणूने हृदयाला सूज आलेल्या उंदरांना याच गटातली औषधं दिली. सूज उतरायच्या ऐवजी स्नायूची हानी वाढली आणि जास्त उंदीर दगावले. आता उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हालाही कळतं. माणसांवर याचे मोठे आणि पक्के प्रयोग झालेले नाहीत. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मायोकार्डायटिसवर जे निवेदन काढलं, त्यातही हेच आहे, की प्राण्यांत धोका दिसला आणि माणसांतला पुरावा अपुरा आहे. म्हणूनच फक्त स्नायूला सूज असेल, तर तिच्यावरचा इलाज म्हणून डॉक्टर या गोळ्या सहसा देत नाहीत. फायदा सिद्ध नाही आणि धोक्याची शंका आहे, तिथे हात आवरता घेतलेला बरा.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आहे, आणि आपल्याकडे बहुधा तीच सगळ्यात जास्त नडते. गोळीने दुखणं दबतं. छातीतली कळ कमी झाली की आपण म्हणतो, चला, बरं वाटलं. दवाखान्यात जाणं उद्यावर जातं, उद्याचं परवावर. आतली सूज मात्र तशीच चालू राहते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आमचं बोलणं ऐकून कुणीतरी चालू औषध बंद करायची. सूज जर हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला असेल, स्नायूला नसेल, तर ह्याच गटातल्या गोळ्या हा तिच्यावरचा मुख्य उपचार आहे. सोबत कोल्चिसिन नावाचं औषध देतात. त्या दुखण्याची एक खूण सांगतात. आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की छातीत जास्त दुखतं, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. आवरण आणि स्नायू दोन्हींना थोडी सूज असेल, आणि हृदयाचं काम व्यवस्थित चाललं असेल, तर डॉक्टर कमी मात्रेत, थोडे दिवस, लक्ष ठेवून ही गोळी देऊ शकतात. म्हणजे गोळी तीच, पण एका ठिकाणी ती औषध आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ओझं. दुखणारी छाती बाहेरून सारखीच दिसते. कोणती सूज आहे, ते ईसीजी, रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी आणि सोनोग्राफीसारखी हृदयाची टूडी इको तपासणी यांवरून ठरतं. कधी एमआरआयही लागतो. हा निर्णय घरच्या फडताळापाशी होत नाही. म्हणून डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली असेल तर ती बंद करू नका, आणि शेजारणीला दिली म्हणून आपण घेऊ नका.

स्टेरॉइडचंही तसंच आहे. बऱ्याच जणींना वाटतं, सूज म्हणजे स्टेरॉइडनेच जाणार. १९९५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या १११ रोग्यांत स्टेरॉइड आणि तशीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन पाहिली होती. सरसकट दिल्याने फायदा दिसला नाही. काही मोजक्या प्रकारच्या सुजेत मात्र हीच औषधं जीव वाचवतात. कुणाला द्यायची, हे तज्ज्ञच ठरवू शकतात.

आपल्या भागातल्या तापांकडे वळू. पावसाळा सुरू झाला की डेंगी आणि चिकुनगुन्या डोकं वर काढतात. चिकुनगुन्या आपल्याला नवा नाही. १९७३ साली शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ आली होती, आणि तीसेक वर्षांनी, २००६ साली, तो महाराष्ट्रात पुन्हा पसरला. हा ताप गेला तरी सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात, आणि मग गोळ्यांचीही महिनोन्‌महिने सवय लागते. डेंगीत तर या गोळ्या टाळायलाच हव्यात, कारण त्यात रक्तातल्या पेशी कमी होऊन रक्तस्राव होण्याची भीती असते. ताप डेंगीचा की चिकुनगुन्याचा, हे पहिल्या दिवशी नुसतं बघून कळत नाही. म्हणून तापात पॅरासिटामॉल घ्या, तीही सांगितलेल्या मात्रेत. एकाच वेळी दोन वेगळ्या नावांची गोळी घेताना दोन्हींत पॅरासिटामॉल नाही ना, ते पाकिटावर वाचा किंवा वाचून घ्या. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका. त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

इंजेक्शनचंही बोलायला हवं. ताप आला की 'एक सुई मारा, लगेच उतरला पाहिजे' असा आग्रह आपणच धरतो. त्या सुईत बऱ्याचदा डायक्लोफेनॅक असतं, कधी स्टेरॉइड असतं. आपल्याला ठाऊक नसतं, कारण आपण विचारत नाही. सुई घेताना विचारा, यात काय आहे, आणि कागदावर लिहून मागा. गुडघेदुखीसाठी बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांचंही तेच. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. 'जडीबुटी आहे, अपाय नाही' हे विकणाऱ्याचं बोलणं झालं.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. पाळीच्या दुखण्यावरच्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल आपल्या देशाच्या औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस एक सूचना काढली होती. हे औषध घेतल्यावर क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी होते, तिला ड्रेस सिंड्रोम म्हणतात. अंगावर पुरळ, ताप, गाठी येणं, आणि आतल्या अवयवांना सूज. त्या अवयवांत हृदयही असू शकतं. गंमत पाहा, सूज उतरवायची गोळीच कधी सूज आणते. हे फार क्वचित होतं, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत अंगावर पुरळ आणि ताप आला, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. औषधाचा वाईट परिणाम झाला तर तो कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी फुकटचा नंबर आहे. तिथे तुम्ही-आम्हीही कळवू शकतो.

आपल्या घरातल्या पोरांबद्दल सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. साताऱ्याच्या गावांतून सैन्यात जाण्याची परंपरा आहे, अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. सांगलीकडे तालमी आहेत. पहाटे चार-पाचला भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रस्त्यावर पळताना दिसतात. भरती तोंडावर आली, ताप आला, तर काय करतात? एक गोळी घेतात आणि पळतात. सुट्टी घेतली तर दम कमी होईल, ही भीती. मैत्रिणींनो, हे थांबवायला हवं. स्वीडनमध्ये नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून पळण्याचा एक खेळ आहे. १९७९ ते १९९२ या काळात तिथले १६ तरुण खेळाडू अचानक मरण पावले. शवविच्छेदनात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आढळली. ताप अंगात असताना जोरात व्यायाम केला, तर हृदयावरचं संकट वाढतं. ताप असेपर्यंत आणि त्यानंतरही अंगात नेहमीची ताकद येईपर्यंत पळणं, जोर-बैठका, कुस्ती सगळं बंद. आणि हृदयाला सूज आल्याचं निदान झालं, तर तीन ते सहा महिने कडक व्यायाम नाही, पुन्हा सुरू करायचा तो तपासणी करून. पुढची भरती परत येईल. पोराला हे समजावणं बापाला जमलं नाही, तर आईने, आत्याने, बहिणीने समजवायचं.

आता आपल्या स्वतःकडे. घरातल्या बाईला दम लागला तर आपण काय म्हणतो? रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे, वय झालं, काळजी करते म्हणून धडधडतं. रक्त कमी असेलही, पण तपासल्याशिवाय कसं कळणार? गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू अशक्त होण्याचा एक वेगळा आजार होतो. बाळंतिणीला आडवं होता येत नसेल, रात्री धाप लागून उठावं लागत असेल, तर ते ओल्या अंगाचं दुखणं म्हणून सोडू नका. आणि गरोदर बाईने या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच. बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होऊ शकतो.

दोन प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरं देतो. पहिला, 'आमच्या सासऱ्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, ते रोज लहान ॲस्पिरिन घेतात, ती बंद करायची का?' अजिबात नाही. ती रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली असते, तिची मात्रा आणि कारण वेगळं आहे. मात्र अशा माणसाने गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. या गटातल्या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका वाढू शकतो. रोफेकॉक्सिब नावाची गोळी याच कारणाने २००४ साली जगभरातून मागे घेतली गेली आणि भारतातही बंद झाली. दुसरा प्रश्न, 'मग गुडघे दुखले तर करायचं काय?' शेक, मलम, थोडा व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं. वरून लावायच्या मलमातलं औषध रक्तात फार थोडं जातं. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, कमी दिवस. रक्तदाब, किडनी, हृदय किंवा पोटाच्या अल्सरचं दुखणं असेल, तर ते आधी सांगून.

आता करायचं काय, ते थोडक्यात.

तापानंतर छातीत दुखलं, दम लागला, धडधडलं, चक्कर आली, तर दुखण्याची गोळी घेऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ईसीजी काढायला सांगा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा, ईसीजी जवळ कुठे होतो. पुढे साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगली आणि मिरजेला सरकारी रुग्णालयं आहेत. मिरज तर १८९४ पासून, मिशनच्या दवाखान्यापासून, आजाऱ्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं.

माणूस कोसळला, ओठ निळे पडले, बसूनही धाप लागतेय, तर १०८ ला फोन करा. जतहून मिरज किंवा म्हसवडहून सातारा म्हणजे दोन तासांची वाट. ती मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून काढू नका.

डॉक्टरांसमोर तीन गोष्टी न विचारता सांगा. ताप कधी आला होता, कोणत्या गोळ्या आणि सुया घेतल्या, आणि आधीची कोणती दुखणी आहेत. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट घेऊन जा. पाकीट फेकायचं नाही, ही सवय लावून घ्या.

बहुतेक रोगी या आजारातून बरे होतात. त्यांना विश्रांती लागते, हृदयाची औषधं लागतात, काही महिने दमाने घ्यावं लागतं. काहींचं हृदय मात्र कायमचं अशक्त राहतं, काही दगावतात. कोण कोणत्या वाटेने जाईल, ते सगळं आपल्या हातात नाही. पण वेळेवर तपासणी करून घेणं आपल्या हातात आहे.

आज संध्याकाळी एवढं करा. घरातलं गोळ्यांचं पाकीट काढा, त्यावरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. ती नुसती पॅरासिटामॉल आहे की सूज उतरवणारी, ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दोन्ही पाकिटं वेगवेगळी ठेवा.

पुन्हा भेटू. तोवर स्वतःला जपा, मैत्रिणींनो. नमस्कार.